फुकटचा पॉवर सप्लाय

राजुऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवलं की दोन गोष्टी न मागता साठतात. आसपासच्या खाणींमुळे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये कोळशाची धूळ आणि डोक्यात किस्से. धूळ निदान ब्लोअरनं उडते. किस्से उडत नाहीत. चार मित्र बसले, चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "तो दहावाला सांग ना." मग सांगावा लागतो.

आधी आमची ओळख. आम्ही दोघं पार्टनर, मी आणि दिवाकर. पॉलिटेक्निकपासूनचे मित्र. धंदा एकच, गेम खेळणाऱ्यांना कॉम्प्युटर जुळवून देणं. माझं म्हणणं एवढंच की डब्यातल्या वस्तू एकमेकींना झेपल्या पाहिजेत. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी धापा टाकायच्या, असं नको. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. सविस्तर सांगतो. दिवाकर त्याला व्याख्यान म्हणतो.

दिवाकरचं तत्त्व सोपं आहे. गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते द्यायचं आणि वर चहा पाजायचा. त्यामुळे आमच्या दुकानात चहा फार खपतो. कॉम्प्युटरचं नंतर सांगतो.

*

तर दहावाला.

सिमेंटच्या पाइपांचे एक व्यापारी मुलाला घेऊन आले. बजेट चांगलं, माणूस दिलदार. मी मुलाच्या गेमप्रमाणे हिशोब मांडला आणि म्हटलं, आय-फाइव्ह प्रोसेसर घ्या, उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घाला.

भाऊंचा चेहरा उतरला. शेजाऱ्याच्या पोराकडे पाच आहे, आपल्याला सात, म्हणजे आय-सेव्हन, पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बाजारात कोणाकडून तरी जुना सात स्वस्तात मिळत होता. मी समजावलं की दहा वर्षांपूर्वीचा सात आणि आजचा पाच यांत आजचा पाच पुढे पळतो. भाऊ म्हणाले, सात हा पाचाच्या मागे कसा राहील? गणितात त्यांचंच बरोबर होतं.

मग माझी जीभ घसरली. म्हटलं, "भाऊ, आकड्यावरच जायचं असेल तर नऊ घ्या."

"नऊबी येते?"

"येते ना."

त्यांनी मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे उठले. "मंग थांबू ना. दहा आला की फोन करजा."

त्यांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये 'दहा' या नावानं सेव्ह आहे.

*

त्याच संध्याकाळी दिवाकर शटर अर्धं ओढून बोलला. समोर गजूभाऊंचं मोबाइलचं दुकान आहे. काचेचं, एसीचं, दिव्यांचं. गजूभाऊ त्याला कितीदा म्हणाले होते की तुझ्यासारखा गोड बोलणारा माणूस माझ्या काउंटरवर पाहिजे. आतापर्यंत तो हसून सोडून देत होता.

"तुह्या तोंडानं दुकान बसून राह्यलं बे," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत पाह्यतो. नाई सुधरला, तं मी गजूभाऊकडे चाललो."

मी वरवर म्हटलं, जा. पण खरं सांगतो, भीती वाटली. दिवाकर नसलेलं दुकान म्हणजे माझं व्याख्यान आणि ऐकायला मीच. त्या दिवसापासून मी सुधारायला घेतलं. पुढचे किस्से माझ्या सुधारणेचे आहेत.

*

सुधारणा क्रमांक एक, लोकांच्या भाषेत बोलायचं.

सिंदेवाहीकडचे एक काका आले. राजुऱ्यात सोयरिकीला आले होते, त्यातच नातवाच्या कॉम्प्युटरचं पाहून जाऊ म्हणाले. हाडाचे शंकरपटवाले, बैलांच्या शर्यतीचे शौकीन. म्हटलं, हे बरं झालं. मी त्यांना म्हणालो, काका, पटात जोडी कशी लागते? एक बैल तगडा आणि एक मरतुकडा चालेल का?

काका खुलले. नाई चालत म्हणाले. तगडा ओढतो, मरतुकडा अडवतो, गाडी आडवी जाते. मग कोणाची जोडी कुठल्या पटात कशी फसली हे त्यांनी मला तासभर सांगितलं. मी दिवाकरकडे विजयी मुद्रेनं पाहत होतो. मग मी म्हटलं, तसंच हे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. ही जोडी.

काकांनी दोन्ही खोके हातात घेतले. एक इवलासा, एक हातभर लांब. त्यांनी ते शेजारी शेजारी धरून पाहिले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं बाजारात दलालाकडे पाहतात.

"हे जोडी होय का? हे तं गाय अन् वासरू हाय."

मी घाईघाईनं म्हटलं, काका, दिसण्यावर जाऊ नका. तर त्यांनी बाकीचे खोके उलटेपालटे करून नावं पाहिली. सगळ्या वेगवेगळ्या कंपन्या. काकांनी मान हलवली. एका गोठ्यात इतक्या घरची जनावरं बांधली की शिंगं लागतात, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कळत नाही, असं मलाच समजावून ते उठले. जाताना दिवाकरच्या चहाची मात्र तारीफ केली.

*

सुधारणा क्रमांक दोन, गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं.

सिरोंचाहून एक मासोळीचे व्यापारी आले. बसनं दिवसभराचा प्रवास करून. तेलुगू माणूस, मराठी गोड, मला 'अन्ना' म्हणत होते, मग मीही त्यांना अन्नाच म्हणू लागलो. त्यांना मॉनिटर पाहिजे होता मोठा. किती मोठा? दुकानातला सगळ्यात मोठा. तो घेतला तर ग्राफिक्स कार्डासाठी जे उरत होतं, त्यात एवढ्या पडद्यावर गेम रांगणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी व्याख्यान गिळलं आणि फक्त विचारलं, अन्ना, एवढा मोठा कशाला?

त्यांनी मला व्यवस्थित समजावलं. खेळणारा एक. पाहणारे बारा. आई, वडील, दोन भाऊ, त्यांची लेकरं, वर शेजारी. खर्च बारा लोकांवर करायचा की एकावर? मी मॉनिटर फळीवरून खाली काढला.

मॉनिटर थर्माकोलच्या मासोळीच्या पेटीत बांधून ते घेऊन गेले. पेटी त्यांचीच, धुतलेली होती म्हणाले. दोन आठवडे दुकानाला वास येत होता. येणाऱ्याला दिवाकर सांगायचा की नवीन मालाचा वास आहे.

महिन्यानं मी धीर करून फोन केला. म्हटलं, अन्ना, गेम अडकत असेल ना? हळू चालत असेल?

"हळूच चालते अन्ना," ते खूश होऊन म्हणाले. "तेच बरं. आमच्या म्हाताऱ्याले सारं समजते."

*

मधे दसरा आला. आमच्याकडे खाणीपासून सायकलच्या दुकानापर्यंत प्रत्येक मशीनची पूजा होते. कॉम्प्युटर मागे कसा राहील? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन जण मशीन घेऊन आले. गरम होऊन बंद पडते, अशी दोघांची तक्रार.

समोरून हवा ओढणारे जे पंखे असतात, बरोबर त्यांच्यावर झेंडूचा हात-हात जाड हार. आत हळद, कुंकू, तांदूळ. एकाच्या पंख्यात अक्षता अशा बसल्या होत्या की काढायला चिमटा लागला. मी म्हटलं, हार काढा, मशीन ठीक आहे. दोघंही घाबरले. देवाला घातलेला हार सुकल्याशिवाय काढत नसतात.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दिवाकर मधे पडला. हार राहू द्या म्हणाला, मागून एक पंखा वाढवून देतो. दोघंही समाधानानं गेले. बातमी पसरली की राजुऱ्यातल्या त्या दुकानात हार न काढता इलाज होतो. त्या महिन्यात आम्ही जेवढे पंखे विकले, तेवढे उन्हाळ्यात कूलरवाल्यानं विकले नसतील.

दिवाकर फक्त गल्ल्याकडे पाहून हसला. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

*

आता स्टिकरवाले मास्तर. हा किस्सा मला स्वतःला फार आवडतो, कारण यात मी बरोबर होतो आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

रिटायर मास्तर, स्वतः खेळतात. विमानं उडवायचा गेम. त्यांनी कुठून तरी एक पॉवर सप्लाय आणला होता. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. वर मोठ्ठं स्टिकर, आठशे वॅट. मी म्हटलं, मास्तर, याच्यात आठशे काय, त्याच्या अर्धीही ताकद नाही. तुमचं कार्ड याला झेपणार नाही.

मास्तर म्हणाले, छापलेलं आहे. मी म्हटलं, छापता काहीही येतं. हे मात्र मास्तरांना लागलं. आयुष्यभर छापलेलंच शिकवलेला माणूस तो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि मला सांगितलं की अशा अविश्वासानं समाज चालत नाही. दिवाकरनं माझा पाय दाबला. मी तो डबा बसवून दिला.

आठ-पंधरा दिवसांनी मास्तर आले. हातात पिशवी. पिशवीत पॉवर सप्लाय. एक बाजू काळी, वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या, घरभर वास झाला होता म्हणाले. विमान धावपट्टी सोडतच होतं, तेवढ्यात गेलं. नशिबानं बाकीचं वाचलं होतं.

देवाशपथ, मी नुसतं त्या काळ्या डब्याकडे पाहिलं.

मास्तरांनी तो उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

"पाहा. एवढं जळलं, पण स्टिकरले काही झालं का? याले क्वालिटी म्हणतात."

*

कोणी म्हणेल, हा माणूस जगाला शिकवतो, याच्या घरी काय आहे? तेही सांगतो. माझ्या घरचा कॉम्प्युटर म्हणजे समतोलाचा नमुना. जुना प्रोसेसर, त्याला शोभेल असं जुनं कार्ड, त्याला शोभेल अशी रॅम. कोणीच कोणाला अडवत नाही, कारण कोणीच पळत नाही. दिवाकर एकदा घरी आला, गेम सुरू व्हायची वाट पाहत पोहे खाल्ले, चहा प्यायला. तरी सुरू व्हायचाच होता.

"सारेच सारखे कमजोर हायेत," तो माझ्या बायकोला म्हणाला. "वहिनी, भांडण नाई याच्यात. याले म्हणते बॅलन्स."

बायको आठवडाभर हसत होती.

*

दिवाळी आली आणि गेली. माझी सुधारणा झाली होती, पण गिऱ्हाइकं जी जायची ती गेलीच होती. दिवाकरनं एके दिवशी सरळ सांगितलं की गजूभाऊंशी बोलणं झालं आहे, त्यांच्या मुलीचं लग्न पार पडलं की त्यानंतरच्या सोमवारपासून तिकडे बसतो. रागानं नाही, अगदी प्रेमानं सांगितलं. त्यामुळे भांडताही आलं नाही. मी त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून नदीवर जाऊन बसलो. वर्धा नदीला माझ्याशी बोलायचं काही कारण नव्हतं.

आता हा शेवटचा. हा मी स्वतःहून सांगत नाही, पण सांगायला लागलो की थांबतही नाही.

गजूभाऊंची मुलगी प्रणाली. गेम खेळण्यात अशी पटाईत की आमच्या दुकानात येणारी पोरं तिचं नाव ऐकून गप्प व्हायची. लग्न गडचिरोलीला ठरलं. मुलगाही खेळणारा, दोघांची ओळखच एकमेकांना गोळ्या घालून झाली होती. माहेरचं सामान काय पाहिजे म्हणून विचारलं, तर पोरीनं कपाट नको, ड्रेसिंग टेबल नको, भांडी नको, गेमिंगचा कॉम्प्युटर द्या म्हणून सांगितलं. घरात दोन दिवस कोणी जेवलं नाही. मग तयार झाले.

ऑर्डर आमच्याकडेच आली. दिवाकरचं आमच्या दुकानातलं हे शेवटचं मशीन. त्यानं मला हात जोडून एकच मागितलं, या वेळी एक शब्द बोलायचा नाही. मी शब्द दिला.

पण आमच्याकडे आहेर म्हणजे मान. एकट्या बापानं दिलं तर मामाचं काय, काकाचं काय? म्हणून ठरलं की प्रत्येकानं एकेक वस्तू द्यायची, आणि लग्नात प्रत्येकाचा खोका मशीनसमोर मांडून माइकवर नाव पुकारायचं. मामांनी ग्राफिक्स कार्ड धरलं, कारण त्याचा खोका मोठा. मग काकांनी काचेचं कॅबिनेट धरलं, सहा पंखे आणि रंगीत दिवे. ते पाहून मामांनी कार्ड आणखी वरचं करायला सांगितलं. आत्याला रॅम आली. खोका बोटभर पाहून ती रडायला लागली, तेव्हा दिवाकरनं ती रॅम मिक्सरच्या खोक्यात भरून दिली. प्रोसेसर आणि मदरबोर्ड गजूभाऊंनी स्वतःकडे घेतले, आणि लग्नाच्या खर्चात बजेट संपल्यामुळे स्वस्तातले घेतले.

राहिला पॉवर सप्लाय. तो कोणीच घेईना. डब्याच्या तळाशी बसतो, दिवे नाहीत, दिसत नाही. माइकवर पुकारायला तोंड उघडावं असं त्यात काय आहे? गजूभाऊ म्हणाले, कॅबिनेटसोबत एक फुकट येतो, तोच बसवा.

मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

दिवाकरनं मशीन जोडलं, गजूभाऊंसमोर सुरू केलं. दिवे लागले, पंखे फिरले, गजूभाऊ खूश. मग दिवाकरनं गेम लावला. मामांच्या कार्डानं जोर मागितला आणि मशीन फट्कन बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा जरा वास आला.

"भाऊ, सप्लाय बदलावा लागन," दिवाकर म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

गजूभाऊंनी हात झटकला. "मांडवात लाइट लागले म्हणजे झालं. मांडवात कोण गेम खेळून राह्यलं?"

"अन् मंग?"

"मंग पोरगी गडचिरोलीले जाईन. तिथी दुकानं नाईत का?" आणि हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता सोमवारपासून हेच शिकाचं हाय तुले. दुकानाच्या पायरीवरून उतरला, का माल गिऱ्हाइकाचा."

दिवाकरनं मान हलवली. गजूभाऊ गेल्यावर त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं सप्लायचा एक स्क्रू सैल केला, पुन्हा घट्ट केला. मी चहा मागवला. त्यानं घेतला नाही. मी शब्द दिलेला असल्यामुळे विचारलंही नाही.

लग्नात मी पंगतीला बसलो होतो. समोर स्टेजवर मशीन रंगीत उजेड पाडत होतं, पुढे खोक्यांची रांग. माइकवाला गळा ताणून पुकारत होता. मामांकडून ग्राफिक्स कार्ड, टाळ्या. काकांकडून कॅबिनेट, टाळ्या. आत्याकडून रॅम, मिक्सरच्या खोक्यासकट, सगळ्यात जास्त टाळ्या. वधूपित्याकडून प्रोसेसर. संपलं म्हणून माइकवाला माइक ठेवायला वळला, आणि तेवढ्यात दिवाकर स्टेजवर चढताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, काखेत एक मातकट रंगाचा साधा खोका.

त्यानं तो रांगेच्या शेवटी ठेवला आणि माइक हातात घेतला.

"पॉवर सप्लाय. चांगला. काल रातीच बसवला. आमच्या दुकानाकडून."

मांडवात कोणाला काही कळलं नाही. टाळी एकच वाजली, नवरीची.

गजूभाऊ तेव्हा आमच्या रांगेत वरण वाढत होते. हातातली बादली तशीच धरून ते स्टेजकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"आमच्या दुकानाकडून म्हंजे? कोणत्या दुकानाकडून म्हणते हा?"

मी पत्रावळ जरा पुढे सरकवली. "भाऊ, वरण वाढा."